घरातली दुही, सीमेवरची लढाई

दोन राज्यांत लढाई का जुंपते, असे विचारले की आपली नजर आधी सीमेकडे जाते. कुणाचे सैन्य कुठवर आले, कोणता किल्ला कुणी बळकावला, यावर आपण बोलत राहतो. पण बऱ्याच लढायांची सुरुवात सीमेपासून दूर, राजधानीतच झालेली असते. दरबारातले दोन गट एकमेकांच्या जिवावर उठतात आणि त्यातला एक शेजाऱ्याला मदतीला बोलावतो. किंवा शेजाऱ्याशी समेट करू पाहणाऱ्याला त्याचेच लोक फितूर ठरवतात. त्यानंतर तह झाला तरी तो टिकत नाही.

हे समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. जुन्या शहराच्या पुऱ्यांपैकी हा एक; आज संत एकनाथ रंगमंदिरामुळे सगळ्यांच्या परिचयाचा. येथून दौलताबादचा किल्ला पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. ईशान्येला भोकरदन तालुक्यातले असई सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, तर नैर्ऋत्येला अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, सव्वाशे किलोमीटरच्या आत. या तिन्ही ठिकाणी मोठ्या सत्ता बाहेरच्या शत्रूपुढे हरल्या आणि तिन्ही ठिकाणी पराभवाची तयारी घरातच झाली होती. चौथे उदाहरण तर आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर घडले. १९४८ पर्यंत हा पुरा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाचे ते उदाहरण.

अहमदनगर, १५९५: चार गट, चार वारस

दख्खनच्या सुलतानीत बहमनी काळापासून एक भेग होती. पिढ्यान्‌पिढ्या इथे रुजलेले सरदार ते दखनी. इराण आणि मध्य आशियातून नशीब काढायला आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. आफ्रिकी वंशाचे हबशी सरदार बहुधा दखनींच्या बाजूने असत. मनसबी, जहागिरी आणि वजिरी कुणाच्या हाती, हा भांडणाचा मुद्दा. त्यात पंथभेदाचे तेल पडत असे. बहमनींचा कर्तबगार वजीर महमूद गावान या भांडणाचा बळी ठरला. त्याच्या शिक्क्याचा गैरवापर करून विरोधकांनी एक बनावट पत्र तयार केले. ओडिशाच्या राजाला त्यानेच चढाईचे आमंत्रण दिले, असे भासवणारे ते पत्र होते. सुलतानाने खातरजमा न करता १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. पुढच्या काही दशकांत बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले.

त्यातला एक तुकडा अहमदनगरची निजामशाही. तिथेही हेच भांडण चालू राहिले. १५८९ मध्ये दखनी गटाच्या जमाल खानाने सत्ता हाती घेतली तेव्हा आफाकींची कत्तल झाली. जे वाचले ते विजापूरला गेले. इतिहासकार फरिश्ताही त्याच वर्षी अहमदनगर सोडून विजापूरच्या आश्रयाला आला. गादीवर हक्क सांगणारा बुऱ्हाण घरातल्या भांडणामुळे आधीच अकबराच्या दरबारी जाऊन राहिला होता. १५९१ मध्ये खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने त्याने जमाल खानाला हरवून गादी मिळवली. मात्र गादीवर बसल्यावर अकबराचे वर्चस्व मानायला त्याने नकार दिला. मोगलांना दख्खनच्या राजकारणात हात घालायला निमित्त हवेच होते. ते निजामशाही घराण्यातल्या माणसांनीच पुरवले.

१५९५ मध्ये बुऱ्हाण वारला. त्याचा मुलगा इब्राहिम चारच महिन्यांत विजापूरशी लढताना मारला गेला. मग अहमदनगरात चार गट उभे राहिले आणि प्रत्येकाजवळ आपापला वारस होता. मियाँ मंजूने अहमद नावाचा मुलगा राजघराण्याचा म्हणून गादीवर बसवला. तो त्या घराण्याचा नाहीच, असे म्हणत हबशी सरदार इखलास खानाने मोती नावाचा दुसरा मुलगा पुढे केला. अभंग खान हबशी वयोवृद्ध शाह अलीच्या बाजूने उभा राहिला. इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर हाच खरा वारस, असे चांदबीबीचे म्हणणे होते. चांदबीबी निजामशाही घराण्यातली लेक आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा.

इखलास खानाच्या माणसांनी मियाँ मंजूला कोंडीत पकडले, तेव्हा त्याने गुजरातेत असलेल्या मोगल शाहजादा मुरादला पत्र लिहून मदतीला बोलावले. मोगल फौज निघाली. ती येईपर्यंत मंजूने इखलास खानाला परतवून लावले होते. आता त्याला पाहुणा नको होता. पण बोलावलेला पाहुणा परत जात नाही. डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि मोगल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम यांच्या फौजा किल्ल्यासमोर येऊन ठाकल्या. मंजू अहमदला घेऊन औशाकडे निघून गेला आणि किल्ल्याचा भार चांदबीबीने उचलला.

वेढ्याची ती रात्र जवळून पाहण्यासारखी आहे. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणून दारू भरली होती. त्यांच्याच छावणीतल्या एकाने ही खबर किल्ल्यात पोचवली. आतल्यांनी खणत जाऊन दोन सुरुंग निकामी केले. तिसरा मोकळा करत असतानाच तो उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी चिलखत चढवून, हाती तलवार घेऊन खिंडारापाशी आली. दिवसभर हल्ले परतवले गेले आणि रात्रीतून भिंत पुन्हा उभी केली गेली. हे शौर्य खरे आहे. पण त्या दिवशी मोगलांच्या बाजूलाही दुही होती, हेही तितकेच खरे. मुराद आणि खानखानान यांचे एकमेकांशी पटत नव्हते. श्रेय दुसऱ्याला जाऊ नये म्हणून दोघे एकदिलाने हल्ला करत नव्हते. निजामशाहीला बोलणी करायला अवसर मिळाला, त्याला शत्रूच्या छावणीतला हा बेबनावही कारण होता.

१५९६ च्या सुरुवातीला तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले आणि त्यांनी बहादूरला सुलतान मानले. एका गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध लिहिलेल्या पत्राची किंमत म्हणून निजामशाहीला अख्खा प्रांत मोजावा लागला.

समेट करणारा फितूर ठरतो

या तहावर राज्याला सावरता आले असते. पण चांदबीबीने नेमलेल्या पेशव्याने सगळी सत्ता आपल्या हातात गोळा केली. त्याला आवरायला तिने विजापूरची मदत मागितली, तर त्याने खानखानानशी संधान बांधले. पुढे अभंग खान पेशवा झाला आणि त्याचेही चांदबीबीशी बिनसले.

१६०० मध्ये मोगलांनी पुन्हा वेढा घातला. किल्ला फार दिवस लढवता येणार नाही, हे चांदबीबीने ओळखले. मोगल शाहजादा दानियालशी बोलून किल्ला सोपवावा आणि बालराजाला घेऊन सुखरूप जुन्नरला जावे, असा तिचा विचार होता. राज्य टिकवायचा तोच एक मार्ग उरला होता. तिने हा बेत हमीद खानाला सांगितला. तो बाहेर जाऊन ओरडू लागला की, बीबी मोगलांना मिळाली. जमाव आत घुसला आणि पाच वर्षांपूर्वी खिंडारात उभ्या राहिलेल्या बाईला तिच्याच सैनिकांनी ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद करून ठेवण्यात आले.

अंतर्गत दुही शेजाऱ्याशी असलेल्या शांततेला दोन तऱ्हांनी सुरुंग लावते, हे या पाच वर्षांत स्पष्ट दिसते. घरातल्या स्पर्धेत हरलेल्याला जिवाची हमी नसेल, तर तो बाहेरच्याचा आधार घेतो. आणि जो बाहेरच्याशी शहाणपणाने तडजोड करू पाहतो, त्याला घरातले विरोधक देशद्रोही ठरवतात. लढाई नको तेव्हा ती ओढवते, आणि तह हवा तेव्हा तो करता येत नाही.

खडकीचे सव्वीस वर्षांचे उदाहरण

याच पडझडीतून मलिक अंबर पुढे आला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून दख्खनेत आलेला हा हबशी सरदार. त्याने १६०० मध्ये दुसऱ्या मूर्तजाला परंड्याला गादीवर बसवले. सुरुवातीला त्यालाही राजू दखनी नावाचा प्रतिस्पर्धी होता आणि दोघांच्या भांडणाचा फायदा मोगल घेत होते. राजूचा बंदोबस्त केल्यावरच अंबरला खऱ्या अर्थाने राज्य चालवता आले. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा आणि नहर-ए-अंबरी ही त्याच काळातली कामे.

अंबरची ताकद गनिमी काव्यात होती, असे आपण शिकतो. पण गनिमी कावा लढवायला माणसे आपली लागतात. त्याने हबशी, दखनी आणि मराठे यांना एका सैन्यात बांधले, मराठा देशमुखांना आणि सरदारांना महत्त्वाच्या जागा दिल्या, जमीन मोजून महसूल ठरवला. राजाला मुलगी देऊन गादीशी नाते जोडले. मुलाचे लग्न विजापूरच्या हबशी सरदाराच्या घराण्यात लावून शेजाऱ्याशी सोयरीक केली. घरात एकवाक्यता आल्यामुळे विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाला त्याच्याशी बोलणी करणे परवडू लागले, कारण अंबरने दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी मोडेल, अशी भीती उरली नव्हती.

आणि ही एकी ढळली तेव्हा काय झाले, तेही खडकीनेच पाहिले. आदम खान, याकूत खान आणि जाधवराव असे सरदार अंबरवर नाराज होऊन मोगलांना जाऊन मिळाले. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळली. जेमतेम सहा वर्षांचे शहर होते ते.

१६२६ मध्ये अंबर वारला आणि त्याने बांधलेली मोट सुटली. १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवरावांची मुला-नातवांसह हत्या झाली. जाधव घराण्यातले उरलेले लोक मोगलांकडे गेले. काही काळ शहाजीराजेही गेले. अंबरचा मुलगा फतेह खान याला राजाने कैदेत टाकले होते. सुटल्यावर त्याने राजालाच मारले आणि एक लहान मुलगा गादीवर बसवला. तो कधी मोगलांशी तर कधी विजापूरशी करार करत राहिला. त्याच्या शब्दावर कुणाचाच भरवसा उरला नाही. जून १६३३ मध्ये महाबत खानाने दौलताबाद घेतले. शहाजीराजांनी आणखी एक वारस पुढे करून तीन वर्षे झुंज दिली. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी निजामशाहीचा मुलूख आपसात वाटून घेतला.

वसईचा तह, असईचे रण

मराठ्यांनी हा धडा घरचाच म्हणून घ्यायला हवा होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाई कारभाऱ्यांनी दूर सारलेल्या राघोबादादांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्यातून सात वर्षांचे युद्ध पेटले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते थांबले. १७९५ मध्ये खर्ड्याला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एकत्र उभे राहिले, तेव्हा निजामाला शरण यावे लागले. नाना फडणवीस १८०० मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ त्यांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. सहा हजारांची इंग्रजी फौज राज्यात ठेवायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी तह किंवा युद्ध करायचे नाही, अशा त्याच्या अटी होत्या.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता. होळकर दोघांपासून दूर राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने अहमदनगर घेतले, महिनाअखेरीस तो औरंगाबादेत होता आणि २३ सप्टेंबरला केळणा नदीच्या काठी असईला लढाई झाली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रजांना जबर मार दिला. लढलेल्या सुमारे साडेचार हजारांपैकी दीड हजारांहून अधिक माणसे पडली किंवा जखमी झाली. तरीही मैदान इंग्रजांनी मारले. यशवंतराव होळकर पुढच्या वर्षी इंग्रजांशी शौर्याने लढले, पण एकटे. ज्यांच्याबरोबर लढायचे, ते तोवर तह करून मोकळे झाले होते.

हैदराबाद, २७ ऑक्टोबर १९४७

आता आपल्या शतकाच्या जवळ येऊ. स्वतंत्र भारत हा हैदराबाद संस्थानाचा चहूबाजूंनी शेजारी होता. दोघांत 'जैसे थे' कराराची बोलणी चालली होती. निजामाचे पंतप्रधान छतारीचे नवाब, कायदेपंडित वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांनी दिल्लीशी मसुदा ठरवला. निजामाच्या मंत्रिमंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो मान्य केला. निजामानेही होकार दिला, सही मात्र लांबवली. २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकार स्वयंसेवकांनी आणि त्यांच्या समर्थक जमावाने या तिघांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. निजामाने जमावापुढे मान तुकवली, जुने शिष्टमंडळ गेले आणि रझवीला चालणारे नवे आले. दिल्लीने अटी बदलल्या नाहीत. अखेर २९ नोव्हेंबरला जवळपास त्याच मसुद्यावर सही झाली. फरक एवढाच झाला की संस्थानात समेटाची भाषा करणाऱ्यांचे वजन संपले होते.

करार वर्षभरासाठी होता, पण पाळण्याची ताकद कुणातच उरली नाही. सरहद्दीवरच्या गावांत रझाकारांचे अत्याचार वाढले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सीमेपलीकडच्या शिबिरांतून लढत होते. स्वतःच्या राज्यात बोलायला जागा नसलेल्यांना सीमेबाहेर आसरा शोधावा लागला होता. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे उघडपणे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. ही फूट निव्वळ हिंदू-मुसलमानांची होती असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आधी रझाकारांनी गावे पोळली होती. या फौजी मोहिमेनंतर, म्हणजे 'पोलीस कारवाई'नंतर, मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमान कुटुंबांनाही सूड सोसावा लागला, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. दरबारातल्या भांडणाचे बिल दोन्ही वेळा गावांनीच भरले.

दोन ठिकाणची बोलणी

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये या प्रश्नाची नीट मांडणी केली. वाटाघाटी करणारा नेता एकाच वेळी दोन ठिकाणी बोलणी करत असतो, एक परराष्ट्राशी आणि दुसरी आपल्याच लोकांशी. दोन्हीकडे जे पटेल तेच टिकते. घरातला विरोध जितका कडवा, तितकी तडजोडीची जागा कमी. छतारींची अडचण नेमकी हीच होती. भारत-पाकिस्तानच्या बाबतीतही हेच दिसले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दोघांचा लाहोर जाहीरनामा झाला आणि त्याच वर्षी कारगिलची लढाई. पाकिस्तानात पंतप्रधान एक बोलत होते आणि लष्कराचे नेतृत्व दुसरेच करत होते. ऑक्टोबरमध्ये तिथे लष्करी उठाव झाला. इजिप्तचे अन्वर सादात १९८१ मध्ये आणि इस्रायलचे यित्झाक राबिन १९९५ मध्ये आपापल्याच देशबांधवांच्या गोळ्यांना बळी पडले. शेजाऱ्याशी शांतता करू पाहणे, हा दोघांचाही गुन्हा मानला गेला होता.

याचा अर्थ देशात मतभेदच नकोत, असा मुळीच नाही. भारत आणि बांगलादेश यांचा भू-सीमा करार घ्या. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी त्यावर सह्या केल्या, पण भारताचा भूभाग देण्यासाठी घटनादुरुस्ती लागत होती. आसाम आणि पश्चिम बंगालमध्ये विरोध होता. २०१३ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडतानाही गदारोळ झाला. हा विरोध सभागृहात आणि निवडणुकीत मांडला गेला, कुणाच्या घराला वेढा पडला नाही. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकाही विरोधी मताविना मंजूर झाली. ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत वेढल्या गेलेल्या भारताच्या १११ आणि बांगलादेशच्या ५१ वस्त्यांची अदलाबदल झाली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसांना प्रथमच देश मिळाला. एकेचाळीस वर्षे लागली, पण या समझोत्यामागे सर्व पक्षांची संमती उभी राहिली.

अहमदनगर आणि हा भू-सीमा करार यांतला फरक मतभेदांच्या संख्येत नाही. मियाँ मंजू, जाधव, राघोबादादा, दुसरा बाजीराव यांनी बाहेरची वाट धरली. त्यातल्या प्रत्येकाला घरात हरणे म्हणजे सर्वस्व किंवा जीव गमावणे वाटत होते. जिथे हरलेल्याला उद्या पुन्हा उभे राहायची खात्री असते, तिथे त्याला परक्याच्या फौजेची गरज पडत नाही. जिथे समेटाची बाजू मांडणाऱ्याला संरक्षण असते, तिथे लढाईखेरीज दुसरा मार्ग शिल्लक राहतो.

म्हणून सीमेवर शांतता हवी असणाऱ्याने आपल्या घरातल्या अल्पमताकडे आधी पाहावे. शेजाऱ्याशी बोला असे म्हणणारा माणूस कदाचित चुकत असेल; त्याचे म्हणणे पुराव्याने खोडून काढा, मतदानात त्याला हरवा. पण बोलला म्हणून त्याला गद्दार ठरवणाऱ्या जमावात आपण उभे राहू नये, आणि तसा जमाव जमू लागला तर गप्पही बसू नये. खडकी एकदा घरातल्या दुहीपायी जळाली आहे. त्या शहरात राहणाऱ्यांवर ही जबाबदारी इतरांपेक्षा थोडी जास्तच आहे.